राज्यकर्त्यांसाठी

पाळकसाहेबांनी दिलेली चिठ्ठी पाठकोऱ्या कागदाची होती. एका बाजूला लाइटबिलाची झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात रविवारच्या उपासनेचा क्रम. गीत, पापांगीकार, शास्त्रवाचन, आणि मग माझं नाव. त्यासमोर लिहिलं होतं, ‘मध्यस्थी : राज्यकर्ते’. तारीख 17 नोव्हेंबर 2024. त्यानंतरच्या बुधवारी विधानसभेचं मतदान आणि पुढच्याच महिन्यात आमच्या मंडळीच्या पंचांची निवडणूक.

“बाई, थोडक्यात घ्या,” पाळकसाहेब म्हणाले, “आणि जरा जपून.”

जपून ते कोणत्या निवडणुकीसाठी, हे मी विचारलं नाही.

आमच्या देवळात मध्यस्थीच्या प्रार्थना तीन असतात. (आम्ही नगर जिल्ह्यातले जुने लोक चर्चला देऊळच म्हणतो. नव्या पिढीला ते खटकतं.) पहिली आजाऱ्यांसाठी. ती सगळे कान देऊन ऐकतात, कारण त्यात आपल्या घरचं नाव येतंय का ते पाहायचं असतं. दुसरी मंडळीसाठी, ती पाठ झालेली. तिसरी राज्यकर्त्यांसाठी. ती सुरू झाली की मागच्या बाकांवर खोकला येतो, पोरांना शू लागते. पौलानं तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं ते पत्र परंपरेनं ज्या काळातलं मानतात, त्या काळी रोमच्या गादीवर नीरो होता. संडे स्कूलला मी हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, मग नीरो सुधारला का? नाही सुधारला. मुलं हिरमुसतात. मीही दरवेळी थोडी हिरमुसते.

माझे आजोबा नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. आठवड्याचे पाच दिवस जी शाळा, तीच रविवारी देऊळ. फळ्यावरचा भागाकार पुसून तिथंच गीतांचे नंबर लिहायचे. आजोबा खादी वापरत आणि दर रविवारी पंचम जॉर्ज बादशहासाठी प्रार्थना करत. गावातल्या काँग्रेसवाल्या एकानं त्यांना हटकलं, मास्तर, अंगावर गांधी आणि तोंडात बादशहा, हे कसं काय? आजोबा म्हणाले, “प्रार्थना म्हणजे मुजरा नव्हे. मुजरा दरबारात करतात. देवळात आम्ही फक्त माणसाचं नाव देवाच्या कानावर घालतो. पुढचं तो बघून घेईल.” ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती घडली तशीच होती का, याची मला खात्री नाही. पण आजोबांचा आवाज त्यात आहे एवढं नक्की.

वडिलांची प्रार्थना मात्र मी माझ्या कानांनी ऐकली. आणीबाणी होती. मी बारा-तेरा वर्षांची, आईच्या शेजारी सतरंजीवर. वडीलही मास्तर. त्या दिवसांत मास्तर लोक शाळेच्या स्टाफरूममध्येही आवाज खाली ठेवून बोलत. वडील उभे राहिले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “प्रभू, इंदिराबाईंची झोप उडू दे.” देवळात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. बाहेर आल्यावर एका ज्येष्ठ पंचांनी त्यांना बाजूला घेतलं, मास्तर, हा शाप आहे की प्रार्थना? वडिलांनी त्यांना एस्तेरचं पुस्तक वाचायला सांगितलं. त्यात राजाला एका रात्री झोप येत नाही, म्हणून तो जुनी बखर वाचून घेतो, आणि त्या एका जागरणापायी यहुद्यांचा जीव वाचतो. वडिलांच्या मते राज्यकर्त्यासाठी मागण्यासारखी हीच एक गोष्ट होती. आरोग्य आणि दीर्घायुष्य मागायला त्याचे पुष्कळ लोक असतात.

मी सुवार्तिक आहे. हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरतात, इंग्रजीतला तर जास्तच, म्हणून आधीच सांगून टाकते. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. पण 1979 साली मे महिन्यात, मांडवातल्या एका सभेत, सोळाव्या वर्षी, मला कळलं की येशू ख्रिस्त ही आमच्या घराण्याची मालमत्ता नाही. मला त्याला हो किंवा नाही म्हणायचं आहे. मी हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं, माझा नवा जन्म झाला. आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “बरं झालं. जुन्या जन्मातली भांडी घासायची राहिलीत.” मी घासली. त्या दिवसापासून माझ्या श्रद्धेत आजीच्या त्या वाक्याची राख थोडी मिसळलेली आहे.

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. शाळा, छापखाना, 1842 पासून ‘ज्ञानोदय’, आणि सिंथिया फॅरारबाईंचं मुलींच्या शिक्षणाचं काम, जिथं सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या. माझे पणजोबा त्या मिशनच्या सावलीत आले ते 1899-1900 च्या दुष्काळात. “म्हणजे पोटासाठीच ना?” असं शाळेच्या स्टाफरूममध्ये मला एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता विचारलं होतं. चांगला माणूस. कुचकेपणानं नाही, चौकशी म्हणून विचारलं. तेव्हा मी चिडले, पुरावे काढले, पणजोबांची श्रद्धा किती अस्सल होती ते पटवत बसले. आज विचारलं तर म्हणेन, असेल पोटासाठी. ज्या गावात पाण्याच्या हौदाला हात लावायची सोय नव्हती, तिथल्या माणसाला कुणी भाकरी देताना शेजारी बसवून घेतलं, तर त्यातली भाकरी किती आणि शेजारी बसणं किती, हे तराजूत घालून कसं सांगणार? प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर आधी येते आणि पापांची क्षमा नंतर. हा क्रम पणजोबांनी लावलेला नाही.

गावात आमच्या आळीला लागूनच बौद्ध वस्ती. आडनावं तीच, नाकाडोळ्यांचा सांगाडा तोच. त्यांच्या विहारात 14 एप्रिलला आमची मुलं लेझीम खेळतात, नाताळला त्यांची मुलं आमच्याकडे करंज्या खातात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. आम्ही बाहेरच राहिलो. त्यामुळे आमच्या मंडळीत अशी घरं आहेत, ज्यांच्या दाखल्यावर एक धर्म आणि उशाशी दुसरा. रविवारी तीच माणसं सर्वांत मोठ्यानं गातात. तरुणपणी मी त्यांना ढोंगी म्हणत असे. आता पोराच्या फीची पावती हातात धरून दाखल्याकडे बघणारा बाप मला दिसतो आणि जीभ आवरते. ‘हिंदू होता आणि ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जात गेली’ असं सरकारदप्तर म्हणतं. गावची विहीर तसं कधी म्हणाली नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आमच्याकडे एकमेकांना भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची जुनी रीत आहे. “सलाम, पाळकसाहेब.” “सलाम, बाई.” पाच-सात वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की आमची तरुण मुलं देवळाच्या फाटकाच्या आत ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणतात आणि फाटकाबाहेर ‘नमस्कार’. एकाला विचारलं तर म्हणाला, “बाई, रस्त्यावर सलाम म्हटलं की लोक वळून बघतात.” नमस्कारही आपलाच शब्द आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आजोबांचा एक शब्द फाटकाशी चपलांसारखा काढून ठेवावा लागतो, हे बोचतं.

शनिवारी रात्री डॅलसहून भाच्याचा फोन आला. तो तिथं इंजिनियर आहे, भल्यामोठ्या चर्चला जातो, तिथं व्यासपीठाजवळ अमेरिकेचा झेंडा लावलेला असतो. उद्या माझी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आहे म्हटल्यावर तो हसला. “मावशी, इथं असा प्रश्नच येत नाही. इथं आपण मेजॉरिटीत आहोत.”

आपण. मी त्या शब्दाशी अडखळले. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आपण’ म्हटलं की समोरच्यालाही पोटात घेतलं. 2016 च्या निवडणुकीत तिथल्या गोऱ्या सुवार्तिकांपैकी दर पाचांतल्या सुमारे चौघांनी ट्रम्पना मत दिलं. माझ्या बायबलच्या कडेला ज्या वचनांखाली रेघा आहेत, त्याच वचनांखाली त्यांच्याही बायबलात असतील. पण महाराष्ट्रात आम्ही 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले जेमतेम एक. शंभरातला एक जेव्हा ‘सत्तेच्या अधीन राहा’ हे वाचतो, तेव्हा त्याला त्यात सोसणं ऐकू येतं. शंभरातल्या सत्तरांना त्यात काय ऐकू येत असेल? भाचा तिथं कातडीनं अल्पसंख्य आणि धर्मानं बहुसंख्य. त्याचं ‘आपण’ कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे त्याला एखाद्या रात्री रस्त्यावर पोलिसाची गाडी मागे लागली तर कळेल. असं मी त्याला म्हटलं नाही. जपून, असं मला सांगितलेलं होतं.

त्याला मी दुसरंच सांगितलं. नगरला माणसं पाठवणारं बोस्टनचं तेच अमेरिकन बोर्ड चेरोकी लोकांतही काम करत होतं. 1831 साली, आमच्याकडे नगरचं ठाणं उघडलं त्याच वर्षी, त्याच बोर्डाचा सॅम्युएल वुस्टर नावाचा मिशनरी जॉर्जिया राज्यानं तुरुंगात टाकला, कारण चेरोकींच्या जमिनीत राहायला राज्याचा परवाना घ्यायला तो तयार नव्हता. शिक्षा चार वर्षं सक्तमजुरी. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं निकाल त्याच्या बाजूनं दिला, तरी राज्यानं त्याला सोडलं 1833 च्या जानेवारीत. त्याच बोर्डाची पहिली माणसं मुंबईत उतरली 1813 साली, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांनाही चालते व्हा म्हणून बजावलं होतं. भाच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या चर्चमध्ये हे सांगत नाहीत. खरं तर आमच्याही सांगत नाहीत.

आणि म्हणून आमचे हात धुतल्या तांदळासारखे, असंही नाही. पुढे मिशनचे बंगले झाले, बंगल्यांचे साहेब झाले, आणि साहेबांच्या व्हरांड्यात देशी उपदेशक उभे राहू लागले. नारायण वामन टिळकांसारखा कवी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन आला आणि बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तो दरबार खुला. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा इंग्लंडात घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं सगळं मुकाट्यानं मानलं नाही. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या दवाखान्यात बायकांची जी दशा झाली, त्यावर त्यांनी सरकारला न घाबरता वर्तमानपत्रात लिहिलं. केडगावला त्यांच्या मुक्तिसदनात 1905 साली बायकापोरी रात्ररात्र रडून प्रार्थना करत होत्या, ती जागृती आम्ही सुवार्तिक लोक फार अभिमानानं सांगतो. प्लेगाचं ते पत्र कुणी सांगत नाही. बाई मात्र एकच होती.

हे सगळं मोठं मोठं झालं. बादशहा, कंपनी सरकार, ट्रम्प. त्या शनिवारी रात्री अकरा वाजता वही उघडून बसले, तेव्हा माझी गाडी अडली ती यातल्या कुणावर नाही. ती अडली आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींवर.

आमच्या कंपाउंडमध्ये रस्त्याकडेला चिंचांची पाच झाडं होती. मिशनच्या काळातली. त्या खालची जागा मंगल कार्यालयासाठी भाड्यानं दिली गेली; करारावर सही सेक्रेटरींची. पैसे किती, कुठं गेले, हे मी वार्षिक सभेत विचारलं. ते म्हणाले, “बाई, शाळेतल्या पटाचा हिशेब वेगळा आणि हा वेगळा.” लोक हसले. मी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला. चिंचा तोडल्या गेल्या. तीन वर्षं तारखा पडताहेत आणि तीन वर्षं आम्ही एकाच प्याल्याच्या प्रभुभोजनाला वेगवेगळ्या रांगेतून जातो. खरं सांगायचं तर मला त्या तारखांची थोडी चटक लागली आहे. नगरला जायचं, फाइल काखेत, वकिलांशी बोलायचं, परत येताना एसटीत सेक्रेटरींच्या तोंडावरचा रंग आठवत बसायचं. न्यायाची भूक आणि ही चटक यांची चव सारखी लागते. वेगळी ओळखू येते ती फार उशिरा.

तरुण असताना सेक्रेटरी कापणीच्या सणाला लिलाव पुकारायचे. उपासना झाली की दानात आलेली ज्वारी, कोंबडे, अंडी, नारळ देवळाबाहेर मांडायचे आणि ते खुर्चीवर उभं राहून ओरडायचे. एके वर्षी आईनं परसातला दुध्या भोपळा आणला होता, वाकडा, कुणी हात लावेना. त्यांनी स्वतःच बोली लावली, स्वतःच वाढवली आणि शंभर रुपयांना घेतला. आई आठ दिवस तरंगत होती.

आणि 2021 च्या एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा कबर खणायला माणूस मिळत नव्हता. करोनाची भीती. सेक्रेटरी आणि त्यांचा मुलगा कुदळ-फावडं घेऊन आले. ते प्लॅस्टिकचे झगे, आत घामाच्या धारा, काळी जमीन उन्हानं दगड झालेली. साडेचार तास. मी फाटकाशी उभी. काम झाल्यावर त्यांनी लांबूनच हात वर केला आणि म्हणाले, “सलाम, बाई. आता या.” त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी चिंचांचा करार झाला.

माणूस एकच होता.

राज्यकर्ता म्हणजे कोण, असं मी वहीत लिहिलं. पंतप्रधानांसाठी प्रार्थना करायला मला काही पडत नाही. ते मला ओळखत नाहीत, मी त्यांच्या घरी जेवलेले नाही. मी त्यांना मत देणार नसेन, तरी त्यांची झोप उडो असं वडिलांसारखं म्हणू शकते. मुख्यमंत्री, कलेक्टर, तहसीलदार, तलाठी. जसजसं खाली यावं तसतसं जड होत जातं. सर्वांत शेवटी एक नाव उरलं. त्यापुढे मी अर्धा तास पेन धरून बसले आणि मग दिवा मालवला.

रविवारी उभी राहिले. निळी कांजीवरम, चष्मा हातात, वडिलांसारखा. सुरुवात बरी झाली. प्रभू, आम्ही राष्ट्रपतींना तुझ्या हाती देतो, पंतप्रधानांना देतो, बुधवारी ज्यांना मतं मिळतील त्यांना आणि ज्यांना मिळणार नाहीत त्यांना देतो. मतदान केंद्रांवर रात्र काढणाऱ्या शिक्षकांना देतो. हे मी स्वतः अकरा निवडणुका केल्या म्हणून. ज्यांना आमची भीती वाटते त्यांना देतो आणि ज्यांची आम्हांला भीती वाटते त्यांनाही देतो. मागे खोकला नव्हता. लोक ऐकत होते. मग मी म्हटलं, “आणि आमच्या मंडळीचे सेक्रेटरी...”

नाव येईना.

जीभ टाळूला चिकटली म्हणतात तसं. डोळे मिटलेले होते, पण ते तिसऱ्या बाकावर कुठं बसतात ते मला ठाऊक आहे. पंखा घरघरत होता. बाहेर मंगल कार्यालयात बँडवाले वाद्यं लावून बघत होते. मला वाटलं, नाव उच्चारलं तर अर्ज मागे घ्यावा लागेल की काय. नाव उच्चारलं नाही तर राष्ट्रपतींपासून तलाठ्यापर्यंत जे काही बोलले, ते सगळं नुसतं पाठांतर होईल. आणि मग ‘आम्ही’. मघापासून मी आम्ही, आम्ही म्हणत होते. देवाशी बोलताना मराठीत ‘आपण’ म्हणता येत नाही, ‘आम्ही’च म्हणावं लागतं, देव त्या शब्दाबाहेर उभा राहून मोजतो, आत किती जण आहेत.

किती वेळ गेला ते माहीत नाही. आमचे घंटा वाजवणारे काका, ऐंशीच्या पुढचे, कानानं अधू. शांतता पसरली म्हणजे प्रार्थना संपली अशी त्यांची खूणगाठ. त्यांनी मागून खणखणीत “आमेन” म्हटलं. सगळी मंडळी “आमेन” म्हणाली. पेटी वाजली. मी खाली बसले.

बुधवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत रांगेत उभी होते. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये दोरी. दोरीपलीकडे, माझ्या थोडे पुढे, सेक्रेटरी. पांढरा शर्ट, खिशात मतदार चिठ्ठी. बराच वेळ त्यांनी मागे पाहिलं नाही. मग चपलेनं जमीन उकरत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “परवा माझं नाव घेणार होतात ना?”

“हो,” मी म्हटलं.

“मग?”

“राहिलं.”

त्यांनी मान हलवली. हिशेबात एखादी रक्कम मिळाली की हलवतात तशी, किंवा मिळाली नाही की हलवतात तशीही असेल. त्यांची रांग सरकली, ते आत गेले. थोड्या वेळानं माझा नंबर आला. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवून माझं नाव मोठ्यानं वाचलं. बायबलमधलं नाव, त्याला ते नीट म्हणता आलं नाही. त्यानं पुन्हा एकदा वाचलं. पलीकडच्या बाकावर बसलेल्या एजंटांनी आपापल्या यादीत पट्टी लावून त्यावर रेघ मारली.